एफ वनच्या ग्रिडवर शेवटची बाई १९७६ साली. पुढची कधी?

निळा झेंडा

मंडळी, एक गोष्ट गेले काही दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

फॉर्म्युला वनच्या विश्वविजेतेपद स्पर्धेत आजवर एकाच बाईच्या नावावर गुण आहेत, आणि तेही फक्त अर्धा. इटलीची लेला लोंबार्डी, १९७५ ची स्पॅनिश ग्रां प्री, बार्सिलोनातला मॉन्जुईकचा डोंगरी रस्ता. कठड्यांचे बोल्ट नीट आवळलेले नाहीत म्हणून त्या शर्यतीआधीच चालकांनी गाडीत बसायला नकार दिला होता. दबाव आला, शर्यत झाली. रोल्फ श्टोमेलनच्या गाडीचा मागचा पंख तुटला, गाडी कठड्यापलीकडे गेली, पाच माणसं मेली. ७५ पैकी २९ फेऱ्यांवर शर्यत थांबवली, म्हणून सगळ्यांना अर्धेच गुण. लोंबार्डी तेव्हा सहावी होती. सहाव्या जागेला एक गुण असायचा, त्याचा झाला अर्धा.

पुढच्या वर्षी ऑस्ट्रियात ती बारावी आली. त्यानंतर आजपर्यंत एकही बाई एफ वनच्या शर्यतीत उतरलेली नाही.

आता माझा प्रश्न. या खेळात बायकांना वेगळा गट नाही, नियमाने कुणी अडवत नाही. गाडीला कळत नाही आत कोण बसलंय. मग घोडं अडतंय कुठे? आणि बायकांची वेगळी मालिका काढणं हे या दुखण्यावर औषध आहे की त्यानं दुखणं वाढतं? मला स्वतःला वेगळी मालिका पटत नाही. मुलामुलींना एकत्र पळवायचं तर पहिल्यापासून एकत्र पळवा.

---

गौरी म.

छान विषय. वाचतेय.

---

तर्कट

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. या खेळात ताकद लागते. ब्रेक लावताना मानेवर पाच जी येतो, म्हणजे डोक्याच्या वजनाच्या पाचपट भार, दीड तास. पायाखालचं पेडल शंभर किलोच्या जोराने दाबावं लागतं. सरासरी पुरुष आणि सरासरी बाई यांच्या दंडात, मानेत, खांद्यात फरक आहे, तो निसर्गाचा आहे. वरच्या पातळीवर जिथे सेकंदाच्या शंभराव्या भागाने जागा ठरते तिथे हा फरक दिसणारच. यात कुणाचा अपमान नाही.

---

जुना रॅलीवाला

तर्कट, मिशेल मूतों हे नाव ऐकलंय का?

१९८१ ला सानरेमो रॅली जिंकली. विश्व रॅली स्पर्धेतली फेरी जिंकणारी पहिली बाई. शेजारी नॅव्हिगेटर फाब्रित्सिया पॉन्स, म्हणजे गाडीत दोघीही बायका. १९८२ ला पोर्तुगाल, अक्रोपोलिस आणि ब्राझील अशा तीन फेऱ्या जिंकून ती विजेतेपदाच्या दारात उभी होती. समोर वॉल्टर रोर्ल. आयव्हरी कोस्टच्या रॅलीच्या तोंडावर तिचे वडील गेले. तरीही ती उतरली, आघाडीवर होती, आणि मग गाडीने दगा दिला. रोर्ल जिंकला, ती दुसरी.

मी त्या काळात रेडिओला कान लावून निकाल ऐकायचो. आमच्या टोळक्यात तेव्हा कुणीही "बाई असून" असं म्हणत नव्हतं. तिच्या ऑडी गाडीच्या नावावरून "क्वाट्रो चालवणारी" म्हणायचे. अक्रोपोलिसच्या दगडधोंड्यांत दिवसेंदिवस ती अवजड ऑडी फेकायची म्हणजे दंडात काय लागतं ते तुम्हीच सांगा.

---

पिटलेन

जुना रॅलीवाला +१

भर घालतो. २००१ ची डाकार युटा क्लाइनश्मिटने जिंकली, मित्सुबिशी पजेरोवर, तीन मिनिटांपेक्षाही कमी फरकाने. दोन-तीन आठवड्यांची वाळवंटातली शर्यत आणि फरक एवढा! अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगमध्ये, म्हणजे सरळ पट्टीवरच्या शर्यतींत, शर्ली मल्डाउनीने टॉप फ्युएल या सगळ्यात वेगवान वर्गाचं विजेतेपद तीनदा घेतलं : १९७७, १९८०, १९८२. जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगची २४ तासांची शर्यत १९९६ आणि १९९७ ला जिंकणाऱ्या संघात झाबिने श्मिट्झ होती. जिथे दार उघडं होतं तिथे बायका जिंकल्यात.

---

तर्कट

रॅली वेगळी, सर्किट वेगळं. रॅलीत मानेवर एवढा भार येत नाही. मी एफ वनबद्दल बोलतोय.

---

मानसी फिजिओ

इथे माझं बोलणं भाग आहे, कारण माझं रोजचं काम खेळाडूंच्या मानेशी आणि पाठीशी आहे.

तर्कट, तुमचा सरासरीचा मुद्दा खरा आहे. कमरेच्या वरच्या भागाची ताकद सरासरीने पुरुषांत जास्त असते आणि फरक बराच असतो. पण दोन प्रकारचे खेळ असतात. भालाफेकीत जितकी ताकद जास्त तितका भाला लांब, तिथे पुरेसं असं काही नसतंच. गाडी चालवताना ताकदीची एक पातळी लागते. डोकं आणि हेल्मेट मिळून साडेसहा-सात किलो धरा, पाच जीला ते तीस-पस्तीस किलोचं होतं. ते तोलून धरता आलं, शेवटच्या फेरीपर्यंत धरता आलं, की झालं. तुमची मान त्याहून दुप्पट मजबूत असली तरी त्यापुढे वेळ कमी होत नाही. त्या पातळीवर सरासरी बाई पोचत नाही, तसा सरासरी पुरुषही पोचत नाही. मी तर ठणठणीत व्यायाम करणाऱ्या तरुण पोरांना कार्टिंगच्या एका दिवसानंतर मान धरून आलेलं बघितलंय.

मानेचे स्नायू सरावाने भरपूर वाढतात, बायकांचेही. डोक्याला पट्टा बांधून, बाजूने वजन लटकवून, डोकं हलू न देता धरून ठेवायचं. आधी दहा सेकंद, मग वीस. कंटाळवाणं काम आहे. मुलगे बारा-तेराव्या वर्षी ते सुरू करतात कारण त्यांना सांगणारं कुणी असतं. मुलींना बहुतेकदा तोवर सांगितलेलंच नसतं.

---

पिटलेन

मानसीताई, सुंदर समजावलंत. यावर एक तांत्रिक गोष्ट जोडतो, ती ऐकून तर्कटही विचारात पडतील.

एफ वनच्या गाडीला पॉवर स्टीअरिंग आहे. तिथे पोचायची शिडी म्हणजे एफ थ्री आणि एफ टू, त्यांना नाही! म्हणजे वरच्या मजल्यावर स्टीअरिंग हलकं आणि जिन्यात जड. एफ टूची गाडी मोठी, टायर रुंद, वेगवान वळणात स्टीअरिंग अक्षरशः ओढून धरावं लागतं. तातियाना काल्देरोनने २०१९ चा पूर्ण मोसम एफ टूत काढला, तोही असल्याच गाडीत. अखेर २०२४ ला एफ टूची नवी गाडी आणताना स्टीअरिंगला लागणारा जोर कमी करायचा हे डिझाइनमध्येच धरलं, २०२५ च्या एफ थ्रीलाही तेच. म्हणजे इतकी वर्षं जी अडचण शरीराची म्हणून सांगितली जात होती तिच्यातला एक हिस्सा ड्रॉइंग बोर्डवरचा होता.

---

निळा झेंडा

हे मला अजिबात माहीत नव्हतं. धन्यवाद पिटलेन.

---

तर्कट

मान्य, हा मुद्दा नवीन आहे. पण अमेरिकेतल्या इंडीकार मालिकेच्या गाड्यांना तर पॉवर स्टीअरिंग अजूनही नाही. तिथे बायका उतरल्या आहेत. मग पॉवर स्टीअरिंगचं कारण कसं टिकतं?

---

गौरी म.

अहो तर्कट, हा तुमच्याच विरुद्धचा पुरावा झाला की! :)

---

पिटलेन

गौरी, अगदी!

इंडीचं घ्याच. जॅनेट गथ्री, शिकलेली भौतिकशास्त्र, काम एरोस्पेस कंपनीत. १९७७ ला इंडियानापोलिस ५०० मध्ये उतरलेली पहिली बाई. १९७८ ला शर्यतीच्या दोनच दिवस आधी तिचं मनगट मोडलं. तिने ते लपवलं, पाचशे मैल गाडी चालवली आणि नववी आली. संघही स्वतःच उभा केलेला. डॅनिका पॅट्रिकने २००५ ला तिथेच १९ फेऱ्या आघाडी सांभाळली, चौथी आली. २००८ ला जपानमधल्या मोतेगीची शर्यत जिंकली. २००९ च्या इंडी ५०० मध्ये तिसरी. सिमोना दे सिल्वेस्ट्रो २०१३ ला ह्यूस्टनला दुसरी. कॅथरीन लेगने २०२३ च्या पात्रता फेरीत सरासरी ताशी ३६८ किलोमीटरच्या वर वेग काढला.

---

हळूहळू चाला

डॅनिकावर एक वाद झाला होता ना? ती हलकी म्हणून तिला फायदा मिळतो असं काही चालक म्हणत होते. आधी म्हणे बायकांत ताकद नाही, जिंकायला लागली की म्हणे वजन कमी आहे!

---

पिटलेन

हो, झाला होता. त्यात तथ्यही होतं, हलकी गाडी वेगाने सुटते. इंडीकारने २००८ पासून चालकाच्या वजनाचा फरक भरून काढायचा नियम आणला. आणि गंमत म्हणजे डॅनिकाने मोतेगी जिंकली ती त्याच वर्षी.

एफ वनमध्ये २०१९ पासून चालक आणि सीट मिळून किमान ८० किलो. कमी भरलं तर सीटपाशीच वजन बसवायचं, गाडीत सोयीच्या जागी नाही. २०२५ ला ते ८२ झालं. त्यामुळे वजनाचा हिशेब दोन्ही बाजूंनी मिटला.

---

अवनीची आई

मी इथे पहिल्यांदाच लिहितेय, एरवी फक्त वाचते. माझी मुलगी अकरा वर्षांची, तीन वर्षं कार्टिंग करते. वजनाचं वाचून राहवलं नाही.

कार्टिंगमध्येही चालक आणि गाडी मिळून किमान वजन भरावं लागतं. आमची काडी आहे, त्यामुळे तिच्या सीटला शिशाच्या पट्ट्या बोल्टने आवळतो. शर्यत संपली की पोरं हेल्मेट काढायच्या आत वजनकाट्यावर. ती पट्टी सीटवर कुठे लावायची यावरून गाडीचं वळणं बदलतं हे मला तीन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर हसले असते. आता रात्री साडेअकराला मीच पाना घेऊन बसलेली असते.

ताकदीबद्दल म्हणाल तर या वयात मुलामुलींत काही फरक नाही, उलट वर्गातल्या मुली उंच आहेत. फरक दुसरीकडे आहे. एका ट्रॅकवरच्या प्रशिक्षकांनी मुलांना सांगितलं, "आतून घुस, जागा मिळेल." माझ्या मुलीला सांगितलं, "तू सांभाळून, शर्यत पूर्ण कर." तिने ते ऐकलं आणि शर्यत पूर्ण केली, सहावी. गाडीत बसून रडली. म्हणाली, "मला पण घुसायचं होतं." नोंदणीच्या टेबलावर आजही विचारतात, तुमचा मुलगा कुठला?

यंदा चोवीस मुलांत दोन मुली आहेत. गेल्या वर्षी चार होत्या.

---

मानसी फिजिओ

अवनीची आई, तुमचं "मला पण घुसायचं होतं" वाचून थांबले. लेकीला माझं प्रेम सांगा. मानेचे सोपे व्यायाम हवे असतील तर निरोप पाठवा, वयाला झेपतील असेच देईन.

---

शेवटचा लॅप

चोवीसात दोन. या धाग्याचं उत्तर इथेच आहे असं मला वाटतं.

एफ वनच्या ग्रिडवर जागा वीस-बावीस. त्या खालच्या वर्गांतल्या शेकडो मुलांतून गाळून येतात, ते शेकडो कार्टिंगच्या हजारोंतून. हजारांतला एक वर पोचतो म्हटलं आणि तुमच्याकडे मुलीच पन्नास असल्या, तर एकही पोचली नाही यात नवल काय? त्यातून त्या पन्नासांना पैसा कमी मिळतो, सराव कमी मिळतो.

पैशाचं तर बोलायलाच नको. या खेळात गुणवत्ता दाखवण्याआधीच पैसे भरायचे असतात. पुरस्कर्ता मुलीबरोबर एखादा फोटो काढतो, दोन शर्यतींचे पैसे देतो आणि तिसरीला गायब. दोन शर्यतींत कुणीच शिकत नाही.

---

तर्कट

पण मग जोवान्ना आमाती? १९९२ ला तिला एफ वनच्या ब्रॅबम संघाने चांगली संधी दिली. तीन शर्यतींत एकदाही पात्र ठरली नाही. म्हणजे दार उघडलं तरी.

---

पिटलेन

ही हकिकत पूर्ण सांगायला हवी.

१९९२ ची ब्रॅबम म्हणजे पैसा संपत आलेल्या संघाची गाडी. आमाती दक्षिण आफ्रिका, मेक्सिको, ब्राझील, तिन्हीकडे पात्र ठरली नाही. मग तिला काढून त्याच गाडीत एक तरुण बसवला. तोही पुढच्या पाच शर्यतींत पात्र ठरला नाही. सहाव्यांदा, सिल्व्हरस्टोनला जमलं. त्याचं नाव डेमन हिल. १९९६ चा विश्वविजेता.

प्रामाणिकपणे हेही सांगतो की आमातीचा वेळ तिच्या सहकाऱ्याच्या बराच मागे होता, आणि तो व्हॅन डे पोएल पहिल्या शर्यतीला पात्र ठरला होता. ती हिल झाली असती असं मी म्हणत नाही. पण त्या गाडीतल्या तीन प्रयत्नांवरून बायका एफ वनला नालायक असा निकाल पुढे तीस वर्षं वापरला गेला. हिलच्या पाच अपयशांवरून कुणी पुरुषांबद्दल काही ठरवलं नाही.

---

तर्कट

हिलची गोष्ट माहीत नव्हती. हे उदाहरण मागे घेतो.

---

जुना रॅलीवाला

याला म्हणतात दिलदारी. नाहीतर इथे माणसं पाचशे प्रतिसाद घालतील पण मागे हटणार नाहीत.

मला लोंबार्डीची एक गोष्ट आठवली. निळा झेंडा, तुम्ही तिच्यापासून सुरुवात केलीत म्हणून सांगतो. १९७५ चा सबंध मोसम ती मार्च या आपल्या संघाच्या लोकांना सांगत होती की गाडी वळणात पुढून बाहेर ओढते, नाक वळतच नाही. अंडरस्टीअर. तिचं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे तीच गाडी रॉनी पीटरसनच्या हाताखाली आली. तो तर त्या पिढीतला अफाट वेगवान माणूस. त्यानेही तेच सांगितलं. तेव्हा कुठे गाडी उघडली, तर मागच्या बल्कहेडला, म्हणजे सांगाड्यातल्या आडव्या भिंतीला, चीर निघाली. असं सांगतात की ती सगळा मोसम ही मोडकी गाडी घेऊन पळत होती. त्या अर्ध्या गुणाचं वजन मला तेव्हापासून फार वाटतं.

---

गौरी म.

काका, हे वाचून अंगावर काटा आला. ती सांगत होती आणि कुणी ऐकलं नाही.

---

हळूहळू चाला

थोडं अवांतर, पण शंभर वर्षं मागे जाऊ या का? एलिश्का युन्कोवा. चेकोस्लोव्हाकियाची, बुगाटी चालवायची. सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ म्हणजे डोंगरातली १०८ किलोमीटरची एक फेरी, अशा पाच. कच्चा रस्ता, हजारो वळणं. ही बाई शर्यतीआधी रस्ता पायी चालून बघायची, कुठल्या वळणावर कुठलं झाड, कुठला दगड, खुणा मनात पक्क्या करायची. आज सगळे चालक शर्यतीआधी ट्रॅकवर चालत फेरी मारतात, पण तसं करणाऱ्या पहिल्या काही जणांत तिचं नाव घेतात. १९२८ ला दुसऱ्या फेरीत ती चक्क आघाडीवर होती. शेवटी गाडीने त्रास दिला, पाचवी आली. त्याच वर्षी न्यूर्बुर्गरिंगला तिचा नवरा अपघातात गेला आणि तिने शर्यती सोडल्या.

आणि १९३२ ला ल मॉंच्या २४ तासांत ओदेत सिको एकंदरीत चौथी आली होती.

---

निळा झेंडा

अवांतर कसलं, हे तर मूळ विषयाच्या पोटातलं आहे.

यावरून मारिया तेरेसा दे फिलिपिस आठवली. एफ वनमध्ये शर्यत करणारी पहिली बाई, १९५८, मासेराती २५० एफ. बेल्जियममधल्या स्पाला दहावी आली. फ्रान्सच्या शर्यतीला तिला उतरूच दिलं नाही. १९५९ ला तिच्या संघाचा झ्यां बेहरा बर्लिनच्या आवूस ट्रॅकवर मेला आणि तिने खेळ सोडला.

आता माझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळेल का? वेगळी मालिका, हो की नाही?

---

शेवटचा लॅप

माझं मत दोनदा बदललंय.

२०१९ ला फक्त बायकांची डब्ल्यू सिरीज आली तेव्हा मी तुमच्यासारखाच चिडलो होतो. सोफिया फ्लोर्शनेही तेव्हा वेगळं काढण्याला उघड विरोध केला होता. ती कोण हे आठवत नसेल तर : मकाऊ २०१८, ताशी २७६ किलोमीटरला तिची एफ थ्रीची गाडी उडून कुंपणापलीकडच्या छायाचित्रकारांच्या बांधकामावर आदळली, पाठीचा मणका मोडला. वर्षभरात ती मकाऊलाच परत उतरली. २०२३ ला एफ थ्रीत गुण मिळवणारी पहिली बाई झाली. तिच्या तोंडी "आम्हाला वेगळं नको" शोभून दिसतं.

मग डब्ल्यू सिरीज बघायला लागलो. चालकांना एक पैसा भरावा लागत नव्हता. ज्यांचं करिअर पैशाअभावी संपलं होतं अशा मुली परत गाडीत बसल्या. जेमी चॅडविक तिन्ही मोसम जिंकली. त्याआधी चेन्नईत एमआरएफ चॅलेंजही जिंकली होती, मुलांमध्ये. मला वाटलं आता ही एफ थ्रीत जाणार. तीन विजेतेपदं, पाच लाख डॉलरचं बक्षीस, आणि तरी युरोपात पुढची पायरी मिळाली नाही. ती अमेरिकेत इंडी एनएक्सटीला, म्हणजे इंडीकारच्या खालच्या पायरीला गेली आणि २०२४ ला रोड अमेरिका ट्रॅकवर जिंकली. इकडे मालिकेचेच पैसे २०२२ ला संपले, शेवटच्या शर्यती रद्द. तेव्हा मत पुन्हा बदललं. नुसती वेगळी खोली बांधून भागत नाही, तिला पुढच्या खोलीत उघडणारं दार लागतं.

---

पिटलेन

एफ वन अकादमी या मुलींच्या मालिकेने निदान दार तरी ठेवलंय. २०२३ ला सुरू, सूत्रं सूझी वोल्फकडे. एफ फोरच्या, म्हणजे एफ थ्रीच्याही खालच्या पायरीच्या गाड्या, मुलीला दोनच मोसम मिळतात, मग पुढे जायचंच. २०२४ पासून तेव्हाच्या दहाही एफ वन संघांनी एकेका मुलीला पाठिंबा द्यायचा आणि शर्यती ग्रां प्रीच्याच आठवड्यात. मार्ता गार्सिया, ॲबी पुलिंग, डोरियान पिन, अशा ओळीने तीन विजेत्या झाल्या. पुलिंगने २०२४ लाच ब्रिटिश एफ फोरची शर्यत मुलांमध्ये जिंकली, तिथे जिंकणारी पहिली मुलगी.

आणि सूझी वोल्फबद्दल : २०१४ ला हॉकेनहाइमच्या सराव सत्रात ती विल्यम्समध्ये बसली. मासाही विल्यम्समध्येच. दोघांच्या वेळेत फरक दोन दशांश सेकंद. हा मासा २००८ ला एका गुणाने विश्वविजेतेपद हुकलेला माणूस आहे. पण तिच्या वाट्याला सराव सत्रंच आली, शर्यत नाही.

---

तर्कट

माझी शेवटची शंका. सुपर लायसन्सला, म्हणजे एफ वन चालवायच्या परवान्याला, तीन वर्षांत ४० गुण लागतात. एफ टूत पहिल्या तिघांत आलं की एका वर्षात मिळतात. अकादमीच्या विजेतीला दहा. म्हणजे अकादमी जिंकूनही ती एफ वनपासून दूरच.

---

पिटलेन

बरोबर, आणि तसंच असायला हवं. एफ फोरच्या पातळीची मालिका आहे ती. तिथून जीबी थ्री, एफ थ्री, एफ टू, प्रत्येक ठिकाणी दोन-दोन वर्षं. म्हणून मी म्हणतो, आज एफ वनमध्ये बाई का नाही हा प्रश्न दहा वर्षांपूर्वीच्या कार्टिंगला विचारायला हवा. आजच्या कार्टिंगला विचारायचा प्रश्न २०३५ चा आहे.

---

जुना रॅलीवाला

दोन वेगळ्या वाटाही सांगतो. एक्स्ट्रीम ई या विजेच्या गाड्यांच्या मालिकेने २०२१ ला नियमच केला : प्रत्येक संघात एक बाई, एक पुरुष, सारख्याच फेऱ्या, तीच गाडी. बाई कमजोर ठेवली तर संघच हरणार, म्हणून संघांनी बायकांना सरावाला पुरेपूर वेळ दिला. पहिलं विजेतेपद मॉली टेलरच्या जोडीचं.

दुसरी, आयर्न डेम्स हा बायकांचा संघ. बोव्ही, गॅटिंग, फ्राय. २०२३ ला बहरीनला विश्व सहनशक्ती स्पर्धेत आपला गट जिंकला, तिघीही बायका असलेला असा पहिलाच संघ. तिथे बरीच वर्षं एकाच गाडीत, एकाच संघात, सलग पैसा होता.

---

निळा झेंडा

धाग्याच्या सुरुवातीला लिहिलं होतं की मला वेगळी मालिका पटत नाही. आता इतकं म्हणेन, की मी ज्या एकत्र शर्यतीची बाजू घेत होतो ती एकत्र कधी नव्हतीच. एकाला "घुस" आणि दुसरीला "सांभाळून" सांगितलं तर ते एकत्र कसलं. शेवटचा लॅप, तुमचं दाराचं म्हणणं पटलं. मुली कार्टिंगमध्ये निम्म्या होतील त्या दिवशी अकादमी बंद करा म्हणायला मी पहिला असेन.

---

अवनीची आई

दहा दिवसांनी येतेय. रॅलीवाले काका, तुमच्यासाठी लिहितेय.

माझी मुलगी महिनाभर म्हणत होती, "आई, उजवीकडे वळताना गाडी ऐकत नाही." मी प्रशिक्षकांना सांगितलं. ते म्हणाले तिला हात कमी पडतात, ताकद येईल हळूहळू. मीही मान डोलावली. मग इथे लोंबार्डीचं वाचलं. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी हट्टाने चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, मोजमापाच्या टेबलावर लावायला लावली. लेझर लावल्यावर पुढचा उजवा स्टब ॲक्सल, म्हणजे चाक बसवायचा दांडा, वाकलेला निघाला. कधीतरी कडेला आदळली असेल. डोळ्यांनी दिसत नव्हता, पण होता.

मेकॅनिकने तो बदलला. ती बाहेर काही बोलली नाही, गाडीत बसल्यावर म्हणाली, "मी सांगत होते ना." मी म्हटलं, हो बाळा, सांगत होतीस, चूक माझी.

सरावात तीन दशांश सेकंद कमी झाले. अजून चौथीच आहे, पुढचे तिघे खरंच वेगवान आहेत. पण आता उजव्या वळणावर ती ब्रेक उशिरा लावतेय. मानसीताईंचे व्यायामही सुरू आहेत, काल बावीस सेकंदांपर्यंत गेली.

---

जुना रॅलीवाला

ताई, ते दुसऱ्या बाजूचं ॲक्सलही एकदा तपासून घ्या. एक वाकलं की दुसऱ्यावर भार पडतो. आणि जुनं फेकू नका, तिच्या खोलीत ठेवा.

---

मानसी फिजिओ

बावीस! तिला म्हणावं महिनाअखेरपर्यंत तीस, घाई नको.

---

तर्कट

पुढची शर्यत कधी आहे?

---

अवनीची आई

येत्या रविवारी. पात्रता सकाळी साडेनऊला. या वेळी तिला कुणी "सांभाळून" सांगणार नाही, तेवढी मी कठड्याशी उभी राहीन.

---

गौरी म.

रविवारी दुपारी धागा वर काढणार. निकाल इथेच लिहा.